सवलतीचा धनी कोण? कर्जत-खालापूर परिसरातील प्रवासी पासांचे राजकारण

अल्प उत्पन्नाच्या माणसाला कमी खर्चात कामावर जाता यावे, या तत्त्वाला उघड विरोध करणारा राजकीय पक्ष आपल्याकडे सापडणार नाही. मतभेद सुरू होतात ते त्या कमी केलेल्या भाड्याची भरपाई कोणी करावयाची या प्रश्नापाशी. केंद्र सरकार, राज्य सरकार, महानगरपालिका आणि वाहतूक चालविणारी संस्था असे चार पक्ष या व्यवहारात असतात, आणि सवलत जाहीर करण्याचा मान व तिचा भार वाहण्याची जबाबदारी ही एकाच पक्षाकडे असतातच असे नाही. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणाने या व्यवहाराची रचना स्पष्ट करण्याचा विचार आहे. हे तालुके मुंबईच्या उपनगरी लोहमार्गाच्या अगदी टोकाला आहेत. सवलतीची रेषा कोठे आखली जाते आणि ती कोण आखतो, हे मध्यवर्ती भागापेक्षा टोकावरून अधिक नीट दिसते.

भूगोल आणि अधिकारक्षेत्रे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत स्थानक सुमारे १०० किलोमीटरवर, तर खालापूर तालुक्यातील खोपोली हे शेवटचे स्थानक सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. कर्जत तालुक्याची हद्द शेलूपासून सुरू होते; त्याच्या अलीकडचे वांगणी हे स्थानक ठाणे जिल्ह्यात मोडते. शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत आणि पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली अशी ही स्थानकांची माळ आहे. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ साली पोहोचली, म्हणजे मुंबईशी या भागाचे नाते दीडशे वर्षांहून जुने आहे. तथापि स्थानकापासून दूर असलेल्या ठाकूर व कातकरी वाड्यांना या लोहमार्गाचा लाभ एस.टी. अथवा भागीदारीने चालणाऱ्या रिक्षा यांच्याद्वारेच घेता येतो.

आता अधिकारक्षेत्रे पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार लोहमार्ग हा संघसूचीतील २२ व्या नोंदीचा विषय आहे. रस्ते राज्यसूचीच्या १३ व्या नोंदीत येतात, तर यंत्रचालित वाहने समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत आहेत. एस.टी. महामंडळ हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखाली चालते. या अधिनियमाच्या २२ व्या कलमाने महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करावा असे सांगितले आहे, आणि ३४ व्या कलमाने राज्य शासनाला महामंडळास सर्वसाधारण सूचना देण्याचा अधिकार दिला आहे. नफातोट्याचा हिशेब ठेवण्याची आज्ञा आणि लोकहिताच्या आज्ञा पाळण्याचे बंधन अशी दोन ओझी एकाच खांद्यावर आहेत. मुंबईत उतरल्यावर लागणारी बस ही बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या बेस्ट उपक्रमाची असते. म्हणजे नेरळजवळच्या एखाद्या वाडीतून दादरला कामासाठी जाणारा मजूर एका सकाळी राज्य, केंद्र आणि शहर अशा तीन सत्तांच्या हद्दींतून प्रवास करतो. त्याचा प्रवास एक असला तरी त्याच्या सवलतींचे हिशेब तीन वहीखात्यांत मांडले जातात.

काही शब्दांचे अर्थ

या विषयावरील चर्चेत बराच घोळ शब्दांमुळे होतो, म्हणून तीन शब्द वेगळे करून घेणे इष्ट होय. ‘सवलत’ हा अरबी मुळाचा शब्द. त्याचा मूळ अर्थ सोय, सुलभता. मराठीत आपण ‘मला सवलत मिळते’, ‘सवलत लागू झाली’ अशी वाक्ये करतो. त्यांत घेणारा असतो, देणारा नसतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही वाक्ये पूर्ण आहेत. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांत मुख्य कर्ताच गाळलेला आहे. ‘अनुदान’ या शब्दात देणारा सूचित होतो, पण दानाची छटा त्याला चिकटलेली असल्याने ते देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असा भास होतो. ‘प्रतिपूर्ती’ हा शासकीय शब्द रूक्ष खरा, परंतु तो सर्वांत प्रामाणिक आहे. कोणी, कोणाला, कोणत्या तुटीबद्दल, किती भरून द्यावयाचे, हे सांगितल्यावाचून तो शब्द वापरताच येत नाही.

एखादी योजना पत्रकात सवलत म्हणून वर्णिली आहे, अंदाजपत्रकात अनुदान म्हणून दाखविली आहे, की करारात प्रतिपूर्ती म्हणून नोंदली आहे, यावरून तिचे आयुष्य किती असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. पुढील उदाहरणांत ही कसोटी आपण लावून पाहू.

केंद्राची योजना : पंचवीस रुपयांचा पास

३ जुलै २००९ रोजी मांडलेल्या रेल्वे अंदाजपत्रकात तत्कालीन रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी ‘इज्जत’ या नावाचा मासिक पास जाहीर केला. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या आणि महिना १,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला १०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी २५ रुपयांत महिन्याचा पास मिळावा, अशी ही योजना होती. उत्पन्नाच्या आधारावर प्रवासी पास देण्याचा देशव्यापी प्रयत्न म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

या योजनेत दोन रेषा होत्या. पहिली अंतराची. १०० किलोमीटरची मर्यादा मुंबईहून मोजली तर ती कर्जतपाशी येऊन थांबते, आणि खालापूर तालुक्यातील स्थानके तिच्या पलीकडे राहतात. खोपोलीचा माणूस कल्याण वा ठाण्यापर्यंतचा पास घेऊ शकत होता, हे खरे. परंतु थेट मुंबईच्या टर्मिनसपर्यंतचा प्रवास मर्यादेबाहेर होता. २०१२-१३ च्या रेल्वे अंदाजपत्रकाने ही मर्यादा १५० किलोमीटर केली, आणि ती अडचण दूर झाली.

दुसरी रेषा उत्पन्नाची. ती अधिक खोल जाते. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले, तर १,५०० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे ५८ रुपये होतात. त्याच आठवड्यात, ६ जुलै २००९ रोजी, मांडलेल्या केंद्रीय अंदाजपत्रकात ग्रामीण रोजगार हमीसाठी दिवसाला १०० रुपये मजुरीचे उद्दिष्ट सांगण्यात आले होते. त्या दराने महिन्यात १५ दिवस काम मिळालेला माणूस १,५०० रुपयांच्या सीमेवर पोहोचतो. सोळावा दिवस त्याला योजनेबाहेर काढतो. मासिक पासाची गरज मात्र महिन्यातून बहुतेक दिवस कामाला जाणाऱ्यालाच असते. ज्याला पास हवा त्याला तो नियमाने मिळू नये, आणि ज्याला नियमाने मिळावा त्याच्यापाशी रोज जाण्याजोगे कामच नसावे, असा हा पेच होता. एकाच शासनाच्या दोन खात्यांनी एकाच आठवड्यात गरिबीची दोन मापे वापरली, त्यातून तो निर्माण झाला.

शिवाय पात्रता सिद्ध करण्यासाठी जिल्हाधिकारी, संसद सदस्य आदींच्या प्रमाणपत्राची अट होती. रायगडचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे, आणि कर्जतहून तेथे आगगाडीने जाता येत नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर कर्जत व खालापूर हे तालुके मावळ लोकसभा मतदारसंघात आले. या मतदारसंघाचा मोठा भाग बोरघाटाच्या वर, पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरला आहे. प्रमाणपत्रासाठी एक-दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागली, तर २५ रुपयांच्या पासाची खरी किंमत कितीतरी वाढते. येथे योजनेच्या नावाचाही विचार करावासा वाटतो. ‘इज्जत’ हा शब्द मराठीत अब्रू, प्रतिष्ठा या अर्थाने रूढ आहे. ती प्रतिष्ठा मिळविण्याची पहिली पायरी म्हणजे आपण दरिद्री असल्याचा दाखला मागणे, ही विसंगती नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

पैशाच्या बाजूने पाहिले तर या सवलतीची प्रतिपूर्ती करणारा कोणी स्वतंत्र पक्ष नव्हता. रेल्वेने तिची तूट आपल्या एकूण हिशेबात सामावून घ्यावयाची होती. २०२२-२३ या वर्षी प्रवासी भाड्यांवरील एकंदर अर्थसाहाय्य ५६,९९३ कोटी रुपये होते, म्हणजे सरासरीने प्रत्येक प्रवाशाला ४६ टक्के सूट मिळाली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. एवढ्या मोठ्या राशीत गरिबाच्या पासाचा वाटा वेगळा दिसत नाही. जी रक्कम वेगळी दिसत नाही, तिच्यासाठी कोणी वेगळे भांडतही नाही. २०१६ नंतर स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची प्रथाही बंद झाल्याने या तपशिलांवर सभागृहात होणाऱ्या चर्चेची जागा आणखी आकसली.

२०१४ ची भाडेवाढ आणि ८० किलोमीटरची रेषा

सवलतीचे राजकारण कसे चालते याचा उत्तम नमुना जून २०१४ मध्ये पाहावयास मिळाला. २० जून रोजी रेल्वेने प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर केली. त्याबरोबरच मासिक पासाची किंमत सुमारे १५ फेऱ्यांच्या भाड्याएवढी आकारण्याची जुनी पद्धत सोडून ती सुमारे ३० फेऱ्यांवर नेण्याचे ठरले. म्हणजे भाडेवाढ बाजूला ठेवली तरी पासाची किंमत जवळजवळ दुप्पट होणार होती. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. सत्ताधारी आघाडीच्याच मुंबईतील खासदारांनी रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांची भेट घेतली, आणि २४ जून रोजी दोन बदल झाले. पासाची किंमत पूर्वीप्रमाणे सुमारे १५ फेऱ्यांवरच राहील, आणि द्वितीय वर्गाच्या उपनगरी प्रवासाला ८० किलोमीटरपर्यंत भाडेवाढ लागू होणार नाही, असे ठरले.

यांतील पहिल्या बदलाचा फायदा कर्जत-खोपोलीच्या प्रवाशालाही पुरेपूर मिळाला, हे नमूद केले पाहिजे. दुसऱ्या बदलाची रेषा मात्र तपासण्याजोगी आहे. मुंबईच्या टर्मिनसपासून वांगणी सुमारे ७९ किलोमीटरवर, तर शेलू सुमारे ८३ किलोमीटरवर आहे. म्हणजे ८० किलोमीटरची रेषा जवळजवळ ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवरच पडली. कर्जतहून ठाण्याला जाणारा प्रवासी ६६ किलोमीटरच जातो, त्यामुळे तो सुरक्षित राहिला. कुर्ला, दादर वा त्यापुढे जाणारा मात्र वाढीच्या कक्षेत आला. रायगडला वगळण्याचा हेतू यामागे होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु वाटाघाटी ज्यांनी केल्या ते मुंबई शहराचे प्रतिनिधी होते, आणि उपनगरी जाळ्याच्या टोकाला राहणारा मतदार त्यांच्या मतदारसंघात नव्हता, एवढे निश्चित. ज्याच्या मताने रेषा आखली जाते, त्याचे घर सहसा रेषेच्या आत असते.

पुढे १ जानेवारी २०२० आणि १ जुलै २०२५ या दिवशी लागू झालेल्या भाडेवाढींतून उपनगरी तिकिटे व मासिक पास वगळण्यात आले. ही वगळणूक हीच आता या भागाची सर्वांत मोठी प्रवासी सवलत होय. ती श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही, कोणताही दाखला मागत नाही, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

राज्याची पद्धत : वय आणि लिंग यांवर आधारित सवलती

राज्य शासनाने याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान’ योजनेखाली सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवासाची मुभा मिळाली. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात दोनतृतीयांश सवलत आहे. या सवलतींचे गाळलेले भाडे राज्य शासनाने महामंडळास भरून द्यावयाचे असते. येथे प्रतिपूर्तीचा करार स्पष्ट आहे, देणारा ठाऊक आहे, आणि पात्रता वाहकाला तेथल्या तेथे पडताळता येते. कर्जतच्या बाजारात रानभाजी विकावयास आलेल्या बाईला आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही. ‘इज्जत’ या नावात जी अपेक्षा होती, ती पात्रतेच्या या सोप्या रीतीने अधिक पुरी होते.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहेत. मोटारीची ऐपत असलेल्या बाईला निम्मे भाडे आणि बांधकामावरच्या कातकरी पुरुष मजुराला पूर्ण भाडे, हा तिचा परिणाम टाळता येत नाही. दुसरी मर्यादा अशी की सवलत एस.टी.च्या गाडीतच मिळते, आणि अनेक वाड्यांचा स्थानकाशी संबंध रिक्षाने जोडलेला असतो. तेथे कोणताही पास चालत नाही. तिसरी मर्यादा महामंडळाच्या प्रकृतीची. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा विद्यार्थ्यांचे सवलतीचे हक्क कागदावर अबाधित होते, पण बहुतेक गाड्या आगारात उभ्या होत्या. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा निम्मे भाडेही त्या प्रमाणात वाढले. सवलत ही सेवेवर बसविलेली असते. सेवा खचली की सवलतीलाही आधार उरत नाही.

शहराची पद्धत

मुंबई महानगरपालिकेने जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवर आणले, आणि तूट भरून काढण्यासाठी उपक्रमाला आपल्या तिजोरीतून साहाय्य दिले. या भाड्याचा लाभ मुंबईच्या करदात्याइतकाच दादरला उतरलेल्या कर्जतकरालाही मिळत असे. शहर आपल्या पैशाने बाहेरच्या मजुराचा प्रवास स्वस्त करीत होते. यात अन्याय नाही, कारण त्याच्या श्रमाचे फळ शहरालाच मिळते. परंतु असे साहाय्य कोणत्याही कराराने बांधलेले नव्हते. ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये झाले. या निर्णयाविषयी मत देण्याचा मार्ग कर्जत वा खोपोलीच्या प्रवाशाला नव्हता, आणि तेथील नगरपरिषदांच्या मिळकतीत असे साहाय्य स्वतः देण्याचे बळ नाही.

परदेशांतील दोन दाखले

हा पेच केवळ आपला नाही. न्यूयॉर्क शहरातील भुयारी रेल्वे व बससेवा तेथील राज्याच्या अधिकाराखालील संस्था चालविते. अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांना निम्म्या भाड्याची योजना तेथे जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी तिचा खर्च राज्याने नवा कर बसवून करावा, की शहराने आपल्या अंदाजपत्रकातून, यावर वाद झाला. अखेरीस शहराने तो उचलला. कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या शासनाने कॅल्गरी व एडमंटन या शहरांतील अल्प उत्पन्नाच्या पासांसाठी दिले जाणारे साहाय्य २०२४ च्या वसंतात बंद करण्याचे ठरविले, आणि टीका होताच अल्पावधीत निर्णय फिरविला. पहिल्या उदाहरणात खर्चाचे नाव अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे लिहिलेले आहे, म्हणून दरवर्षी त्याबद्दल उघड भांडता येते. दुसऱ्यातही तेच दिसते. साहाय्याची रक्कम वेगळी दिसत होती, म्हणून ती काढून घेतल्याचे लोकांच्या लगेच लक्षात आले.

निष्कर्ष

या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मुंबई महानगर प्रदेशात नवे लोहमार्ग बांधण्याचा खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा वाटून घेण्याची रीत आहे. १९९९ साली स्थापन झालेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ याच भागीदारीवर उभे आहे, आणि २०१६ साली मंजूर झालेल्या प्रकल्पातील चौकवरून जाणारा पनवेल-कर्जत उपनगरी मार्गही याच रीतीचा आहे. रूळ घालण्यासाठी भागीदारीचे सूत्र आहे. त्या रुळांवरून जाणाऱ्या गरिबाच्या भाड्यासाठी तसे सूत्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपनगरी रेल्वे, मेट्रो व पालिकांच्या बससेवा मिळून ११ संस्थांचे तिकीट एकाच ॲपवर मिळण्याची सोय झाली, पण एस.टी. त्या अकरांत नव्हती. म्हणजे कर्जत-खालापूरच्या वाडीपासून स्थानकापर्यंतचा टप्पा त्या जोडणीबाहेरच राहिला. शिवाय तिकिटे एकत्र आली तरी सवलती निरनिराळ्याच राहिल्या.

तेव्हा अल्प उत्पन्नाच्या पासाची कोणतीही योजना अभ्यासताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. तिची रेषा अंतराने, उत्पन्नाने की वयाने आखली आहे? पात्रता सिद्ध करण्यास किती दिवसांची मजुरी लागते? आणि न आकारलेले भाडे कोणाच्या अंदाजपत्रकात, कोणत्या नावाने लिहिले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर त्या सवलतीला धनी नाही असे समजावे. आणि ज्या गोष्टीला धनी नाही ती संकटकाळी प्रथम बंद पडते. अशा वेळी सर्वांत आधी तिच्या बाहेर पडतो तो शेवटच्या स्थानकावरचा प्रवासी, ज्याचा प्रवास सर्वांत लांबचा आणि ज्याचा आवाज निर्णयाच्या जागी सर्वांत क्षीण असतो.